गेर (तळटीप)
२. गेर : मंगोलियातल्या पशुपालकांचे गोल घर, बाहेर ते ‘यर्ट’ म्हणून ओळखले जाते. लेखकाने त्याची एका वाक्यात बोळवण केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची घडीची जाळी. पट्ट्या कातडी वादीच्या गाठींनी जोडलेल्या, खिळा नाही. त्यामुळे जाळी ओढली की पसरते, दाबली की मिटते. तिच्यावर टेकवलेल्या दांड्यांची वरची टोके ‘तोनो’ या लाकडी चक्रात खोचतात. तिथूनच उजेड आत येतो आणि चुलीचे धुराडे बाहेर जाते. दार दक्षिणेला. वरून मेंढीच्या लोकरीचे बुरणूस : उन्हाळ्यात त्यांची खालची कड उचलून वारा घेतात, थंडीत थर वाढवतात. किर्गीझ घराला मधले खांब नसतात, गेरला दोन असतात. युनेस्कोने २०१३ साली गेर बांधण्याच्या कलेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. मात्र ‘निसर्गस्नेही घर’ ही लेखकाची स्तुती गवताळ माळापुरतीच खरी धरावी. उलानबातरभोवतीच्या दाट गेरवस्त्यांत चुली कोळशावर चालत आणि हिवाळ्यात शहर धुराने कोंदून जाई. अखेर २०१९ साली तिथे कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी घालावी लागली. – संपा.