थांबला तो तापला

मोटारीतला थंडावा आमच्या घरी एका एप्रिलमध्ये आला. गाडी सेकंडहँड होती, त्यामुळे थंडावाही सेकंडहँडच. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दोष तिचा नव्हता. कोणाचा होता, ते ओघाने येईलच.

रस्ता मोकळा असला की गाडीत महाबळेश्वर. सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत सोलापूर!

पहिले काही दिवस याची गंमत वाटली. मग अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छातीच्या दुखण्यानंतर दवाखान्यातून घरी आणताना आम्ही घोरपडीच्या रेल्वे फाटकात अडकलो. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना, अर्थात दुसरी यायची होती. समोरच्या जाळीतून भट्टीसारखा वारा यायला लागला. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे, पण तक्रार करणारे गृहस्थ नव्हेत. डिस्चार्जच्या कागदाने वारा घेत म्हणाले, "माणूस चालला की तापतो नि बसला की निवतो. तुझ्या यंत्राचं उलटंच दिसतंय." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

"अहो, अण्णांकडे बघा!" मागून ही ओरडली. गाडीत नसलेला सगळा गारठा त्या क्षणी माझ्या हातापायांत उतरला. काचा खाली केल्या. शेजारच्या रिक्षावाल्याने पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट घेऊन अण्णांनी त्याला "गाव कोणतं तुझं?" असं विचारलं, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरला माझ्या भाचीचं लग्न होतं. अण्णांची पहिली नात. डॉक्टरांनी बजावलं, गाडी गार राहणार असेल तरच न्या. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त कपाटातला रेशमी कोट काढून उन्हात घातला.

मी गाडी एका मिस्त्रीकडे नेली. त्याने "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला. दुसऱ्याकडे नेली. त्यानेही गॅस भरला. आता तर उभ्या गाडीत पूर्वीपेक्षा जास्त उकडू लागलं! मग मी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला. यंत्र दुरुस्त करता आलं नाही की सुशिक्षित माणूस त्याचा इतिहास वाचतो.

अमेरिकेत वाळवंटातून जाणारे लोक पूर्वी मोटारीच्या खिडकीला पाण्याचं एक नळकांडं टांगत. गाडी पळाली की वारा त्यातल्या ओल्या भेंडोळ्यातून गार होऊन आत येई. थोडक्यात, आपली वाळ्याची ताटीच, फक्त चाकांवर. गाडी थांबली की वारा बंद, खेळ खलास. पुढे पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये खरंखुरं वातानुकूलन दिलं. किंमत २७४ डॉलर. थंड करणारा भाग मागे डिकीत, तर कॉम्प्रेसर पुढे इंजिनापाशी. हा कॉम्प्रेसर बंद करायची सोयच नव्हती! थंडी पुरे झाली तर गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. दोन वर्षांत कंपनीने नाद सोडला. १९५४ साली नॅश कंपनीने हे सगळं बिऱ्हाड गाडीच्या पुढच्या भागात आणलं.

पण मूळ दुखणं राहिलंच. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी राहिली की इंजिन पेंगतं, मग तोही पेंगतो. शिवाय गाडीतून शोषलेली उष्णता पुढच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून, बाहेर टाकायची असते. गाडी पळताना त्या जाळीवर फुकटचा वारा येतो. उभ्या गाडीत तो आणायचा कुठून? इंजिनाचा पंखा होता, पण तोही इंजिनाबरोबरच पेंगणार. गर्दीत गियर काढून ॲक्सिलरेटर दाबत बसायचा, हा त्या काळचा उपाय. पुढे इंजिनं आडवी बसू लागली. त्यांचा पट्टा पुढच्या पंख्यापर्यंत सरळ पोचेना, तेव्हा विजेचा पंखा सर्रास आला. एसी लावताच इंजिनाची चाल आपोआप थोडी वाढवणारी युक्तीही निघाली. पुढे २००३ सालच्या टोयोटा प्रियसमध्ये कॉम्प्रेसरच विजेवर चालू लागला. इंजिन बंद असो की चालू, याला पत्ता नाही. म्हणजे उभ्या गाडीसाठी वारा पैदा करण्यात दोन पिढ्या खपल्या, आणि मी आपला गॅस भरत होतो.

एवढं ज्ञान घेऊन मी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींपुढे उभा राहिलो. पॅकार्डपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, एसी लावा आणि बसून राहा." त्यांनी बादलीतलं पाणी मगाने पुढच्या जाळीवर ओतलं. पाच-सहा मग झाले असतील. आत गार वारा सुरू! मी बाहेर आलो, तर ते पुढच्या पंख्याकडे बोट दाखवत होते. तो ढिम्म उभा. कधीचा जळला होता कोण जाणे! मी मोटारीच्या इतिहासाची साठ वर्षं पालथी घातली, पण बॉनेट उघडून पंखा फिरतोय का, एवढं काही बघितलं नव्हतं.

"आणि गॅस किती कोंबलाय हो!" मिस्त्री म्हणाले. जादा गॅसने जाळीवरचा दाब वाढतो आणि उभ्या गाडीत गारवा आणखीच पळतो. म्हणजे दोनदा पैसे मोजून मी रोग वाढवून घेतला होता. त्यांनी पंख्याची मोटर बदलली, जाळीत अडकलेला पालापाचोळा नि चिखल धुऊन काढला, गॅस मापात आणला. बिल आधीच्या दोघांपैकी कुणाच्याही निम्म्याने कमी. हिला मी आकडा सांगितला नाही, कारण मग आधीचे दोन आकडेही सांगावे लागले असते.

लग्नाला निघालो, तर खंबाटकीच्या घाटात ट्रक बंद पडलेला. पाऊण तास जागच्या जागी. बाहेर मे महिना रटरटत होता. माझं सगळं लक्ष अण्णांकडे. ते रेशमी कोट घालून, हाताची घडी करून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी कोटाची वरची गुंडी लावली. मग खिशातला रुमाल काढून कानाला गुंडाळला.

"अण्णा, बरं वाटतंय ना?"

"बरं आहे रे," अण्णा म्हणाले, "पण हे बंद कसं करायचं?"