कळ दाबतांच उघडणारें टोपण

वऱ्हाडचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. एक पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील सपाट, काळ्या जमिनीचा पायनघाट. दुसरा त्याच्या दक्षिणेस डोंगररांगेवर वसलेला बालाघाट. वाशीम हें बालाघाटांतलें गांव. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. इंग्रजी अमदानींत ‘बासीम’ या नांवानें तें एका जिल्ह्याचें ठाणें होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून त्याचा भाग अकोल्यांत घालण्यांत आला, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां स्वतंत्र झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत जिल्ह्याच्या कचेरींतलें काम निघालें कीं वाशीमकराला अकोला गांठावें लागे. कारंज्याला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहमार्गाची गाडी कापसाच्या व्यापारासाठीं लवकर मिळाली. खुद्द वाशिमास मात्र लोहमार्ग स्वातंत्र्यानंतर पोहोंचला. तोंपर्यंत अकोल्याचा सुमारें पन्नास मैलांचा रस्ता, त्यावर आधीं बैलगाडी आणि पुढें सर्व्हिस मोटार, एवढाच काय तो आधार होता.

या रस्त्यावर पातूर मागें पडलें कीं घाट लागतो. अकोल्यापेक्षां वाशीम सुमारें अडीचशें मीटर अधिक उंचीवर आहे, आणि त्यांतली बरीचशी चढण या घाटांतच चढावी लागते. आंत दाटीनें बसलेले उतारू, टपावर गांठोडीं, आणि वर वैशाखाचें ऊन, अशा स्थितींत जुनी मोटार पहिल्या गिअरमध्यें घाट चढूं लागली कीं तिच्या रेडिएटरमधलें पाणी उकळूं लागे. मग ड्रायव्हर गाडी कडेला घेई, मागच्या चाकाला दगड लावला जाई, उतारू झाडाची सावली पाहून बसत, आणि क्लीनर घासलेटच्या रिकाम्या डब्यांतून नाल्याचें पाणी घेऊन येई. खरी जोखीम यापुढें होती. पाणी घालावयाचें तर रेडिएटरच्या माथ्यावरचें पितळी टोपण काढलें पाहिजे. आणि तें तर हात लावूं देत नसे. क्लीनर त्यावर ओलें फडकें टाकी, तोंड एका बाजूस फिरवी, आणि एकेक आटा उलगडीत जाई. शेवटचा आटा सुटतांच वाफेचा लोट वर उसळे. हात भाजणें हा त्या धंद्याचा जणूं ठरलेला भागच होता.

हें टोपण अधिक सोपें करावें असें कारागिरांस वाटलें, यांत नवल नाहीं. त्यांतूनच कळ दाबतांच आपोआप उघडणारें टोपण निघालें. तें रेडिएटरवर बसलें आणि पेट्रोलच्या टाकीवरही बसलें. परंतु पुढें एकाच युक्तीच्या या दोन जागांचें नशीब अगदीं निरनिराळें निघालें. तें तसें कां निघालें, हें समजण्यासाठीं मोटारीला पाणी कां लागतें येथून आरंभ केला पाहिजे.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यापैकीं जुन्या एंजिनांत जेमतेम चौथा हिस्सा चाकें फिरविण्याच्या कामीं येई. बाकीची कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि कांहीं एंजिनच्या लोखंडांत मुरते. ती काढून नेली नाहीं तर तेल जळेल आणि दट्ट्या नळकांड्यांत अडकून बसेल. म्हणून नळकांड्याभोंवतीं पाणी खेळविण्यांत येतें. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें, तेव्हां तिच्यांतलें पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि तेवढेंच एंजिन थंड राही. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांस घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला याच धाटणीच्या गाडीनें गेली. सुमारें शंभर किलोमीटरांच्या त्या प्रवासांत तिला पाणी वारंवार भरावें लागलें, आणि इंधन तर वीसलोख येथील औषधांच्या दुकानांतून विकत घ्यावें लागलें. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासांत अशा रीतीनें दोन तोंडें पुनःपुन्हां उघडावीं लागलीं : एक पाण्याचें आणि एक इंधनाचें.

पाण्याची ही उधळपट्टी विल्हेल्म मायबाख यानें थांबविली. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज गाडींत त्यानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यांतून वारा वाहे आणि त्यांच्या भोंवतीं पाणी फिरे. त्यामुळें अवघ्या नऊ लिटर पाण्यांत ३५ अश्वशक्तीचें एंजिन थंड राहूं लागलें. तेंच पाणी फिरून फिरून वापरांत येऊं लागलें, आणि त्याच्या माथ्यावरचें टोपण मोटारीच्या कपाळावरच्या टिळ्यासारखें सर्वांच्या नजरेंत भरूं लागलें. रोल्स-रॉइसनें १९११ सालीं चार्ल्स साइक्स या शिल्पकारानें घडविलेली पंख पसरलेली स्त्रीमूर्ति याच जागीं बसविली. बॉइस नांवाच्या गृहस्थानें टोपणांतच उष्णतामापक घातला. त्यांतली तांबडी रेघ चढूं लागली कीं ड्रायव्हरला बसल्या जागेवरून समजे, आतां थांबावें.

पेट्रोलच्या टोपणाला असा मान नव्हता. फोर्डच्या १९०८ सालच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल भरावयाचें म्हणजे पुढच्या माणसांनीं उठावें, गादी उचलावी, टोपण काढावें आणि डब्यांतून नरसाळ्यानें पेट्रोल ओतावें. टाकींतून एंजिनाकडे पेट्रोल केवळ उतारानें जाई. त्यामुळें टाकींत थोडेंच पेट्रोल असतां उभी चढण लागली तर एंजिन टाकीपेक्षां उंच होई आणि पेट्रोल पोहोंचेनासें होई. अशा वेळीं गाडी फिरवून पाठमोरी चढविण्याची युक्ति त्या काळच्या ड्रायव्हरांस ठाऊक होती.

आट्यांच्या टोपणाच्या तक्रारी तीन होत्या. तें काढण्यास वेळ लागे. तापलें असतां हात बराच वेळ त्यावर ठेवावा लागे. आणि काढून मडगार्डवर ठेवलेलें टोपण तेथेंच विसरून गाडी निघाली कीं तें धुळींत हरवे. मग त्या जागीं चिंधी कोंबून पुढचा प्रवास होई. दोन महायुद्धांच्या दरम्यान प्रचारांत आलेल्या कळीच्या टोपणानें या तिन्ही तक्रारी एका झटक्यांत मिटविल्या. त्याची रचना साधी होती. टोपण बिजागरीनें टाकीच्या गळ्याशींच जोडलेलें असे. त्याच्या खालीं स्प्रिंग, आणि समोरच्या बाजूस एक आंकडा. टोपण दाबलें कीं आंकडा खटकन् अडके आणि आंतली चकती तोंडावर घट्ट बसे. बाहेरची कळ दाबली कीं आंकडा सुटे आणि स्प्रिंगच्या जोरानें टोपण आपसूक उभें राही. एका हातांत पाण्याचा डबा असला तरी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें काम भागे, आणि टोपण हरविण्याची तर गोष्टच नको. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या बेंटन अँड स्टोन या कारखान्याचीं झटपट उघडणारीं टोपणें ‘एनॉट्स’ या नांवानें विकलीं जात. मालकाचें ‘स्टोन’ हें नांव रोमन लिपींत उलट वाचलें कीं तें ‘एनॉट्स’ होतें. १९२३ पासून फ्रान्समध्यें ले मां येथें सुरू झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतींत तर पेट्रोल भरतांना गेलेला प्रत्येक सेकंद मोलाचा. तेथें अशा टोपणांची किंमत कोणासही पटवून द्यावी लागली नाहीं.

रेडिएटरवर हें टोपण निर्धोक होतें, याचें एक कारण होतें. त्या काळच्या रेडिएटरला बाजूनें एक उघडी नळी असे. पाणी कितीही तापलें तरी वाफेला या नळीवाटे वाट मिळे, आणि आंतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राही. टोपणाचें काम धूळ आंत जाऊं न देणें आणि पाणी हिंदकळून बाहेर पडूं न देणें एवढेंच. उकळत्या पाण्याची वाफ अंगावर येई, परंतु पाण्याचा फवारा उडे तो थोडाच.

पण उघड्या रेडिएटरला एक मर्यादा होती. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांस उकळतें. जसजसें उंच जावें तसतसें तें लवकर उकळतें. वाशीमच्या उंचीवर तें सुमारें ९८ अंशांसच उकळूं लागतें. म्हणजे घाट चढून एंजिन सर्वांत अधिक तापतें त्याच वेळीं पाण्याची सहनशक्ति थोडी कमी झालेली असते. यावरचा उपाय आज प्रत्येक स्वयंपाकघरांत शिट्टी देत असतो. प्रेशर कुकरमध्यें वाफ कोंडली कीं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. हेंच तत्त्व आधीं विमानांच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें मोटारींच्या एंजिनांस लावण्यांत आलें. युद्धानंतर तें सर्रास झालें. दर चौरस इंचास १५ पौंड जादा दाब ठेवला तर पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. रेडिएटर लहान झाला, एंजिन अधिक जोरदार झालें, आणि घाटांत पाण्यासाठीं थांबण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

हा दाब राखण्याचें काम टोपणाकडेच आलें, आणि येथें कळीच्या टोपणाचा गुण त्याचा दोष ठरला. ११५ अंशांचें पाणी दाबाखालीं शांत दिसतें. पण टोपण एकदम उघडलें तर दाब क्षणांत नाहींसा होतो आणि पाणी १०० अंशांवर येण्यासाठीं त्याचा कांहीं भाग तात्काळ वाफ होतो. दहा लिटरांपैकीं पाव लिटर पाण्याचीच वाफ झाली असें धरलें, तरी ती वाफ चारशें लिटरांहून अधिक जागा मागते, आणि ही जागा मिळविण्यासाठीं उरलेलें उकळतें पाणी समोरच्या माणसाच्या तोंडावर फेंकते. जें टोपण अंगठ्याच्या एका दाबानें ताडकन् उघडतें, तें अशा जागीं बंदुकीच्या घोड्यासारखें होय. क्लीनरचा हात वांचविण्यासाठीं केलेली सोय आतां त्याच्या डोळ्यांवर उठली असती.

म्हणून नव्या टोपणाची रचना मुद्दाम अवघड करण्यांत आली. तें आधीं थोडें फिरवावयाचें. पहिल्या खांचेशीं तें अडतें, आणि दाब असलाच तर बाजूच्या नळीनें निघून जातो. मग टोपण खालीं दाबून पुन्हां फिरविलें तरच तें हातांत येतें. टोपणाखालीं एक दणकट स्प्रिंग असते. दाब ठरल्यापेक्षां अधिक झाला कीं ती उचलली जाते आणि जादा पाणी शेजारच्या लहान टाकींत जातें. मधोमध एक चिमुकली उलटी झडप असते. एंजिन थंड होऊन आंत पोकळी निर्माण झाली कीं तिच्यावाटे तेंच पाणी परत येतें. कांहीं टोपणांवर उचलण्याचा लहानसा दांडा किंवा कळही असते. परंतु या कळीचें काम बदललें. ती टोपण उघडीत नाहीं. आधीं आंतला कोंडमारा हलका करते. टोपण त्यानंतर सावकाश फिरवावयाचें.

पेट्रोलच्या टाकीची गोष्ट उलट झाली. तेथें आंतून जोराचा रेटा नव्हता. उलट एंजिन जसजसें पेट्रोल ओढून घेई तसतशी टाकींत पोकळी होई, आणि म्हणून टोपणाला हवेसाठीं एक बारीक छिद्र ठेवावें लागे. धुळीनें तें छिद्र बुजलें तर टाकी भरलेली असूनही गाडी बंद पडे. टोपण सैल केलें कीं हवेचा सुस्कारा ऐकूं येई आणि गाडी पुन्हां चालूं लागे. येथें झटपट उघडण्याची युक्ति टिकली आणि वाढली. पेट्रोलची चोरी होऊं लागली तेव्हां टोपणाला कुलूप आलें. पेट्रोलच्या वाफेनें शहरांची हवा बिघडते हें कळल्यावर अमेरिकेंत १९७१ सालापासून तें छिद्र बंद करून ती वाफ कोळशाच्या डब्यांत अडविण्याची सक्ति झाली. पुढें टोपणावरचें बाहेरचें झांकण ड्रायव्हरच्या बैठकीशेजारची कळ ओढून किंवा बटण दाबून उघडूं लागलें. २००८ सालीं फोर्डनें तर टोपणच काढून टाकलें. पंपाची नळी आंत सारली कीं झडप उघडते आणि ती काढली कीं आपोआप मिटते.

वाशीमच्या रस्त्यावरही काळ पालटला. पुणें-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी धांवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि त्यानंतर तिचें जाळें वऱ्हाडांतही पसरलें. ११ डिसेंबर २०२२ रोजीं वाहतुकीस खुल्या झालेल्या नागपूर-शिर्डी समृद्धि महामार्गाचा भाग कारंजा आणि मालेगांव तालुक्यांतून जातो. त्यावरून जाणाऱ्या मोटारींतल्या कित्येकांनीं आपल्या गाडीचें रेडिएटरचें टोपण कधीं पाहिलेंही नसेल. पण तें तेथें आहे, आणि उन्हाळ्यांत गाडी तापून उभी राहिली कीं जुनाच मोह होतो : पटकन् टोपण उघडावें आणि पाणी घालावें. अशा वेळीं एंजिन बंद करून तें हाताला सोसेल इतकें निवेपर्यंत वाट पाहणें हाच शहाणपणा.

उघडणें सोपें करणें हा कारागिराचा एक गुण खरा. परंतु पेट्रोलच्या टाकीवर जी कळ सोय ठरली, तीच रेडिएटरवर घातक ठरली असती, कारण दोन्ही टोपणांखालीं कोंडलेलें तें निराळें होतें. कोणतेंही टोपण घडवितांना त्यावर कोणाचा हात पडणार आणि त्याखालीं काय कोंडलेलें असणार, या दोन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळवावीं लागतात. पातूरच्या घाटांत ओलें फडकें टाकून, तोंड फिरवून, एकेक आटा सावकाश उलगडणाऱ्या क्लीनरला हीं दोन्ही उत्तरें ठाऊक होतीं. आजच्या टोपणाची पहिली खांच त्याचीच सावधगिरी धातूंत उतरवून उभी आहे.