त्या खोलीत कोण नव्हतं?

स्वतः लिहिलेला कोड स्वतःच तपासून पास करायचा नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाला तो नियम फार महागात मिळाला.

१९३२. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी. सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष अभ्यासाला घेतले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे. जेवण फुकट, अंत्यविधीचा खर्चही मिळेल. बरं मात्र कोणाला करायचं नव्हतं. रोग माणसाला कुठवर नेतो, तेवढंच पाहायचं होतं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा रूढ उपचार झाला. तोही त्यांना दिला नाही.

१९६६ मध्ये त्याच आरोग्यसेवेतल्या पीटर बक्स्टनने लेखी हरकत घेतली. तेव्हा तो जेमतेम माझ्या वयाचा होता. १९६८ ला पुन्हा. मग १९६९ मध्ये समिती बसली. म्हणजे तपासणी झालीच! पण ज्यांच्यावर प्रयोग चालला होता, त्यांच्या समाजातलं कोणीच त्या खोलीत नव्हतं. निर्णय झाला: चालू ठेवा.

शेवटी बक्स्टनने पत्रकाराला गाठलं. जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि त्याच वर्षी अभ्यास बंद झाला. १९७४ मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा संशोधनासाठी नैतिक समित्या सक्तीच्या केल्या.

भारतात २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या समितीत किमान ७ सदस्य लागतात. निम्मे संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य माणूस. 'हे मला कळलं नाही, पेशंटला काय कळणार?' असं विचारायला. १९६९ च्या त्या खोलीत ही खुर्चीच नव्हती.