डोक्याला मार लागल्यानंतरचा ताण: शरीर सैल कसे सोडावे?

डोक्यावरची जखम भरून येते, सीटी स्कॅनही नॉर्मल निघतो. तरी अनेकांचे डोके पुढचे काही आठवडे जड राहते. झोप लागत नाही, आवाज आणि उजेड सोसत नाही, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते. घरच्यांना माणूस बरा दिसत असल्याने तो सोंग करतो असे वाटते. त्याने ताण वाढतो, मान-खांदे आखडतात आणि डोकेदुखी आणखी बळावते.

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात धानाच्या रोवणीच्या दिवसांत विश्रांती मिळणे कठीण, आणि मेंदूच्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. म्हणून घरी, बिनखर्चात करता येणारे उपाय महत्त्वाचे ठरतात. मात्र ते डॉक्टरांनी तपासल्यानंतरच करावेत.

सर्वांत सोपा उपाय संथ श्वासाचा. नाकाने ४ अंक मोजत श्वास घ्यावा, ६ अंक मोजत सोडावा. असे ५ मिनिटे, दिवसातून दोनदा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. श्वास रोखून धरू नये.

दुसरा उपाय अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला: एकेक स्नायू ५ सेकंद आवळायचा, मग सैल सोडायचा. सुरुवात पायांपासून करावी. डोक्याला मार लागलेल्याने मान, जबडा आणि कपाळ आवळण्याचा भाग सोडून द्यावा. आपल्याकडचे शवासनही याच जातीचे. डोळे मिटल्यावर भोवळ येत असेल किंवा अपघात डोळ्यांसमोर येत असेल, तर डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या वस्तूकडे पाहावे.

योग म्हटला की आपल्याकडे पहिला सल्ला कपालभातीचा मिळतो. इथे तो चुकीचा आहे. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक आणि शीर्षासन यांत जोर लागतो किंवा डोक्यावर ताण येतो, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ती टाळावीत. दारूही टाळावी. सरावाने त्रास वाढला तर त्या दिवशी थांबावे.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा नाका-कानातून पाणी येणे, ही शिथिलीकरणाने जाणारी लक्षणे नव्हेत. अशा वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ताण आणि उदासी हटत नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.