शीतखोलीच्या गणिताविषयी

सोबतच्या लेखात ऊर्जेचा हिशेब मांडताना लेखकाने सुपरमार्केटच्या शीतखोलीला इमारतीतला स्वतंत्र विभाग धरलेले नाही, आणि ते योग्यच आहे. इमारतींच्या ऊर्जावापराचे गणित करणाऱ्या, अमेरिकी ऊर्जा खात्याच्या ‘एनर्जीप्लस’ या संगणक प्रणालीत अशी खोली प्रशीतन यंत्रणेचा भाग मानतात. भिंती-दारे ज्या विभागांना लागून असतील, त्यांच्यातली उष्णता ती ओढते. थंड देशात त्यामुळे दुकान तापवण्याचा खर्च वाढतो. खरी मेख मात्र दारात आहे. दार उघडले की दमट हवा आत शिरते, तिच्यातले बाष्प थंड करणाऱ्या कॉइलवर गोठते, आणि गोठवणीच्या खोलीत ते हिम वितळवायला बहुधा पुन्हा वीजच खर्ची पडते. म्हणून दार कधी आणि किती वेळ उघडे असते, त्याला पट्ट्यांचा पडदा आहे का, हे प्रणालीत नीट भरल्याशिवाय आलेल्या आकड्यांवर विसंबू नये. — संपादक