काळा पडदा ते अल्फा

परवा भोसरीच्या ऑफिसात एका मशीनचं थ्रीडी मॉडेल स्क्रीनवर फिरवत होतो. पुढे काचेचं सेफ्टी कव्हर, आत स्पिंडल. एका बाजूने बघितलं तर सगळं मस्त, मॉडेल फिरवलं की स्पिंडल गायब! भानगड साधी होती. काच आधी काढली गेली, झेड-बफरमध्ये स्वतःचं अंतर लिहून बसली, आणि नंतर आलेल्या स्पिंडलला 'तू मागे आहेस, चल फूट' म्हणून हाकललं गेलं.

संध्याकाळी कासारवाडीला लोणावळा लोकलची वाट बघताना दादासाहेब फाळके आठवले. याच लाइनवर मळवली, तिथल्या रविवर्म्याच्या छापखान्यात फाळके कामाला होते. पुढे 'कालिया मर्दन' (१९१९) सारख्या मूकपटांत त्यांनी ट्रिक सीन रंगवले. त्या काळची एक हुकमी युक्ती म्हणजे डबल एक्स्पोजर. पात्राचं शूटिंग काळ्या पडद्यासमोर करायचं, रीळ मागे गुंडाळायचं आणि त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. काळ्यातून प्रकाश येत नाही, म्हणजे शून्याची बेरीज. पण शेवटी बेरीजच ती! पात्र भुतासारखं आरपार दिसतं. देव प्रकट व्हायला ठीक आहे. घट्ट माणूस हवा असेल तर मागच्या दृश्यात त्याच्या आकाराची जागा झाकावी लागते. त्या झाकणाला म्हणतात मॅट.

हाच मॅट १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमुल आणि आल्व्ही रे स्मिथ यांनी पिक्सेलमध्येच घातला. लाल, हिरवा, निळा आणि चौथा आकडा अल्फा: हा पिक्सेल किती झाकतो. गंमत म्हणजे १९७४ च्या प्रबंधात झेड-बफर मांडणारा कॅटमुल हाच. एका पिक्सेलमागे सर्वांत जवळची एकच वस्तू लक्षात ठेवणारा, म्हणजे काचेचा पक्का वैरी.

खरी हातसफाई मात्र लुकासफिल्मच्या पोर्टर आणि डफ यांनी १९८४ च्या पेपरात दाखवली. रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवा. मग वरचा थर खालच्यावर ठेवताना खालच्याला (१ - अल्फा) ने गुणायचं आणि वरचा मिळवायचा, बस्स. चार आकड्यांना चार गुणाकार. आधी गुणलं नाही आणि दोन्ही थर अर्धपारदर्शक असले, तर वर भागाकारही करा. १०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनवर पिक्सेल होतात ७ लाख ८६ हजार, आणि त्या काळात भागाकार म्हणजे महागडं प्रकरण. शिवाय या पद्धतीत थर आधी आपसात जोडून ठेवता येतात. क्रम मात्र बदलून चालत नाही.

म्हणून माझा उपाय जुनाच: आधी सगळं अपारदर्शक, मग काचा मागून पुढे, झेड-बफरमध्ये न लिहिता. २००१ मध्ये आलेलं डेप्थ पीलिंग क्रमाची कटकट मिटवतं, पण प्रत्येक थरासाठी सीन पुन्हा काढावा लागतो. दोन काचांसाठी कोण करणार एवढं!

आणि हो, कटिंगच्या ठिणग्याही दाखवायच्या होत्या. आधी गुणलेल्या रंगात अल्फा शून्य ठेवला की उरते नुसती बेरीज, म्हणजे फाळक्यांच्या काळचा काळा पडदाच. बेरजेला क्रम लागत नाही, त्यामुळे त्या शेकडो ठिणग्या आपसात सॉर्ट कराव्याच लागल्या नाहीत.