१८ ऑगस्ट १५९० : रोआनोकची रिकामी वस्ती

इंग्रज गव्हर्नर जॉन व्हाइट तीन वर्षांनी रोआनोक बेटावरील (आजचे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना) आपल्या वसाहतीत आजच्या दिवशी परतले. १५८७ मध्ये शंभराहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुले तिथे ठेवून ते रसद आणायला मायदेशी गेले, पण स्पेनशी चाललेल्या युद्धामुळे जहाजे मिळेनात. परतले तो दिवस नात व्हर्जिनिया डेअरच्या तिसऱ्या वाढदिवसाचा होता. वस्तीत मात्र चिटपाखरूही नव्हते. घरे उतरवलेली, कुंपणाच्या खांबावर ‘क्रोएटोअन’ अशी अक्षरे. संकटात असाल तर क्रूस कोरा, असे ठरले होते. तो कुठेच नव्हता. म्हणजे मंडळी क्रोएटोअन बेटावरच्या स्नेही मूलनिवासींकडे गेली असावीत. वादळी हवामानामुळे व्हाइटना तिथवर पोहोचताच आले नाही. आजोबांच्या वाट्याला यावे असे हे दुःख नव्हे.

रोआनोकवर १९४७ पासून जे. सी. हॅरिंग्टन यांनी उत्खनन केले. मातीची तटबंदी मिळाली, घरे नाहीत. २०१२ मध्ये वेगळाच धागा हाती लागला. ब्रिटिश म्युझियममधील व्हाइट यांच्याच नकाशावर कागदाचे एक ठिगळ डकवलेले आहे. खालून प्रकाश टाकताच त्याआड किल्ल्याची खूण उमटली. पश्चिमेकडच्या त्या जागेजवळ पुढे इंग्रजी बनावटीची खापरे निघाली. हॅटरस, म्हणजे जुन्या क्रोएटोअन बेटावरही तलवारीची मूठ सापडली. वसाहतकरी गटागटांनी पांगले, हे अनुमान त्यामुळे सर्वाधिक पटते.